बंद आणि काळवंडलेल्या धार्मिक गुंडाळ्या कशा वाचतात: आधी शाई, मग यंत्र

प्रश्न असा आहे: आगीत कोळसा झालेली, ओलीने थर चिकटून ढेकूळ बनलेली किंवा इतकी काळी पडलेली की डोळ्यांना कोरीच वाटावी, अशी प्राचीन धर्मग्रंथाची गुंडाळी तिला इजा न करता वाचता येते का? येत असेल तर कोणत्या तंत्राने, आणि त्यातून निघालेल्या मजकुरावर कितपत विश्वास ठेवावा? जुन्या हस्तलिखितांच्या छायाचित्रणात आयुष्याचा मोठा भाग गेल्यानंतर माझे उत्तर असे आहे की वाचता येते, पण प्रत्येक वेळी नाही. आणि येईल की नाही हे यंत्राच्या किमतीपेक्षा लेखकाने दौतीत काय कालवले होते यावर अधिक अवलंबून असते. म्हणून यंत्रांची यादी देण्याऐवजी मी शाईपासून सुरुवात करतो.

प्राचीन शायांची ढोबळमानाने दोन कुळे आहेत. पहिली काजळीची शाई. दिव्याची काजळी किंवा कोळशाची पूड, त्यात बांधणीसाठी डिंक किंवा सरस, आणि पाणी. ही शाई पृष्ठभागावर बसते, आत फारशी मुरत नाही, आणि तिच्यातला कार्बन शतकानुशतके जवळजवळ जसाच्या तसा राहतो. दुसरी हिराकस आणि मायफळ यांची शाई. हिराकसातले लोह आणि मायफळातले टॅनिन यांच्या संयोगातून तिचा काळा रंग तयार होतो. ती चर्मपत्रात मुरते, काळाने तपकिरी होते, प्रसंगी खालचे पृष्ठच खाऊन टाकते. याखेरीज हिंगुळासारख्या खनिज रंगांची तांबडी शाई असते, आणि मूळ काजळीच्या शाईत मुद्दाम किंवा नकळत धातू मिसळल्याचीही उदाहरणे आहेत. ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटली तरी पुढे तीच निर्णायक ठरते.

आता नुकसानीचेही दोन प्रकार वेगळे ठेवले पाहिजेत, कारण बातम्यांमध्ये ते नेहमी एकत्र केले जातात. पहिल्या प्रकारात पृष्ठ आपल्यासमोर उघडे असते, पण ते काळवंडल्यामुळे अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक नाहीसा झालेला असतो. दुसऱ्या प्रकारात पृष्ठ आतच दडलेले असते आणि तिथवर प्रकाश पोहोचूच शकत नाही. पहिल्यासाठी वेगवेगळ्या तरंगलांबींचा प्रकाश लागतो, दुसऱ्यासाठी क्ष-किरण. एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही.

पहिल्या प्रकाराचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण म्हणजे मृत समुद्राजवळच्या गुंडाळ्या. १९४७ ते १९५६ या काळात कुमरानच्या परिसरातील अकरा गुहांमधून ९०० हून अधिक हस्तलिखितांचे अवशेष मिळाले आणि त्यांचे तुकडे २५ हजारांच्या पुढे जातात. त्यांतले बहुसंख्य तुकडे कातडीचे आहेत. कातडीतले प्रथिन विघटित होऊन तिचे जिलेटिनसारख्या चिकट पदार्थात रूपांतर होते, ती गडद तपकिरी आणि शेवटी काळी पडते. अशा काळ्या कातडीवर काजळीची काळी अक्षरे असली, तर दृश्य प्रकाशात दोन्ही सारखाच प्रकाश शोषतात आणि डोळ्याला काहीच दिसत नाही. परंतु साधारण ७०० नॅनोमीटरच्या पुढे, अवरक्त पट्ट्यात गेल्यावर, कातडी प्रकाश परावर्तित करू लागते आणि कार्बन मात्र तो शोषतच राहतो. त्यामुळे फिकट पार्श्वभूमीवर काळी अक्षरे उमटतात. हे ज्ञान नवे नाही. १९५०च्या दशकात जेरुसलेमच्या पॅलेस्टाइन पुरातत्त्व संग्रहालयात नजीब अल्बिना या छायाचित्रकाराने अवरक्त फिल्मवर या तुकड्यांची छायाचित्रे घेतली होती, आणि त्यानंतर काही तुकडे आणखी झिजल्यामुळे त्यांच्यासाठी ती जुनी छायाचित्रेच आज उत्तम पुरावा आहेत. माझ्या मते या क्षेत्रातील आद्य कारागिराचा मान अल्बिनाकडे जातो, आणि तो त्याला पुरेसा दिला जात नाही.

नव्या पद्धतीत फरक पडला तो मोजमापाच्या शिस्तीचा. नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत काम केलेले ग्रेग बेअरमन यांनी दूरसंवेदनातील वर्णपटीय तंत्र या तुकड्यांकडे वळवले. इस्रायलच्या पुरातत्त्व प्राधिकरणाने त्यांच्या मदतीने उभारलेल्या प्रयोगशाळेत प्रत्येक तुकड्याचे ४४५ ते ९२४ नॅनोमीटर या टप्प्यातील १२ तरंगलांबींवर छायाचित्र घेतले जाते. त्यांपैकी सात दृश्य प्रकाशातल्या, पाच अवरक्त पट्ट्यातल्या. या प्रतिमा गूगलच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या आणि डिसेंबर २०१२ मध्ये खुल्या झालेल्या लिऑन लेव्ही डिजिटल ग्रंथालयात कोणालाही पाहता येतात. कॅमेरा कृष्णधवल असतो, त्याच्या संवेदकावर रंगांची जाळी नसते, आणि रंग निवडण्याचे काम अरुंद पट्ट्यांचे एलईडी दिवे करतात. याचा मोठा लाभ असा की वस्तूवर पडणारा एकूण प्रकाश आणि उष्णता दोन्ही कमी राहतात. अट एकच असते: सर्व छायाचित्रे पुरी होईपर्यंत तुकडा केसभरही हलता कामा नये, कारण पुढची सारी गणिते एकाच बिंदूचे वेगवेगळ्या तरंगलांबींवरील मोजमाप एकमेकांवर तंतोतंत बसण्यावर उभी असतात. वातावरणातील आर्द्रता थोडी बदलली तरी चर्मपत्र वळते, आणि मग सगळी मालिका पुन्हा घ्यावी लागते. प्रयोगशाळेतला बराचसा वेळ याच कंटाळवाण्या कामात जातो.

या मालिकेवर पुढे संख्याशास्त्रीय प्रक्रिया होते. प्रमुख घटक विश्लेषण या पद्धतीत सर्व तरंगलांबींच्या मोजमापांतून अशी नवी मिश्रणे काढली जातात, ज्यांत शाई आणि पृष्ठ यांतला फरक सर्वाधिक उठून दिसतो. अशा प्रतिमा जांभळ्या, हिरव्या, नारिंगी अशा भडक रंगांत छापल्या जातात आणि वाचकांना वाटते की वस्तू खरोखर तशी दिसते. ते रंग कृत्रिम असतात. प्रक्रिया केलेल्या प्रतिमेत एखादे अक्षर दिसले आणि कच्च्या बारा प्रतिमांपैकी एकीतही त्याचा मागमूस लागला नाही, तर त्या अक्षरावर मी सही करणार नाही.

लोहाच्या शाईचे वागणे याच्या नेमके उलट आहे, आणि येथे अनेक हौशी प्रकल्प फसतात. मायफळाची शाई अवरक्त पट्ट्यात पुढे पुढे जावे तशी फिकी होत जाते आणि सुमारे १००० नॅनोमीटरच्या पुढे जवळजवळ अदृश्य होते. मृत समुद्राच्या तुकड्यांना वरदान ठरलेला अवरक्त कॅमेरा या शाईवर रोखला, तर होती ती अक्षरेही जातात. तिच्यासाठी अतिनील प्रकाश लागतो: त्यात चर्मपत्र स्वतः निळसर प्रकाशमान होते, आणि जिथे लोह मुरलेले असते तिथे ती चमक दबते. अक्षर खरवडून काढले असले तरी मुरलेल्या लोहाची छाया उरतेच. सिनाईच्या सेंट कॅथरीन मठात असे खरवडून पुन्हा लिहिलेले १६० हून अधिक ग्रंथ आहेत, आणि २०११ पासून तेथे झालेल्या बहुवर्णपटीय छायाचित्रणात त्यांपैकी अनेकांतला खालचा मजकूर वर आला. ते ग्रंथ गुंडाळ्या नसून बांधीव पोथ्या आहेत, परंतु शाईचा नियम दोघांना सारखाच लागू होतो.

कोरा म्हणून बाजूला ठेवलेला तुकडा खरोखर कोरा असतोच असे नाही. मँचेस्टर विद्यापीठाच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात कुमरानचे काही तुकडे आहेत, जे १९५०च्या दशकात जॉर्डनच्या सरकारने लीड्स विद्यापीठातील चर्मतज्ज्ञ रोनाल्ड रीड यांना कातडीच्या अभ्यासासाठी दिले होते. ते कोरे आहेत, म्हणूनच दिले गेले असा समज होता. किंग्ज कॉलेज लंडनच्या जोन टेलर यांना भिंगातून पाहताना एका तुकड्यावर ‘लामेद’ या हिब्रू अक्षराचा पुसट भास झाला, तेव्हा ५१ तुकड्यांचे दोन्ही बाजूंनी छायाचित्रण करण्यात आले आणि २०२० मध्ये चार तुकड्यांवर वाचता येण्याजोगा मजकूर असल्याचे जाहीर झाले. त्यांपैकी सर्वांत मोठ्या मजकुराच्या चार ओळींत १५-१६ अक्षरे आणि ‘शब्बाथ’ हा शब्द आहे. येथे यंत्राच्याही आधी सराईत डोळा आला, हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

आता बंद गुंडाळ्या. त्या उघडण्याचा पूर्वीचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. कुमरानच्या तिसऱ्या गुहेत १९५२ मध्ये मिळालेली तांब्याची गुंडाळी इतकी गंजली होती की १९५५-५६ मध्ये मँचेस्टरला नेऊन ती करवतीने पट्ट्या-पट्ट्यांत कापावी लागली. त्या काळी दुसरा मार्ग नव्हता, आणि ते काम अत्यंत कौशल्याने झाले, तरी कापलेली वस्तू पुन्हा अखंड होत नाही. जेरुसलेमजवळ केतेफ हिन्नोम येथे १९७९ मध्ये गाब्रिएल बार्काय यांच्या उत्खननात चांदीच्या पातळ पत्र्याच्या दोन इवल्याशा गुंडाळ्या मिळाल्या. त्या उलगडण्यास तीन वर्षे लागली. त्यांवर कोरलेला मजकूर ‘गणना’ या ग्रंथातील याजकीय आशीर्वादाशी जुळतो, आणि तो इसवी सनपूर्व सातव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराचा असल्याने हिब्रू बायबलमधील वचनांचा आजवरचा सर्वांत जुना पुरावा मानला जातो. तिथेही अनेक ओरखडे नीट वाचले गेले ते १९९०च्या दशकात, दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील चमूने प्रकाशाचे कोन बदलत नव्याने छायाचित्रे घेतल्यावर.

न उघडता वाचण्याचा खरा आदर्श मात्र एन-गेदीच्या गुंडाळीने घालून दिला, म्हणून तिच्याविषयी विस्ताराने सांगतो. मृत समुद्राच्या पश्चिम काठावरील एन-गेदी येथील ज्यू सभास्थान इसवी सन ६००च्या सुमारास आगीत नष्ट झाले. १९७०च्या उत्खननात तेथील धर्मग्रंथ ठेवण्याच्या पवित्र पेटीच्या जागी जळून कोळसा झालेल्या गुंडाळ्यांचे अवशेष मिळाले. हात लावताच भुगा होत असल्याने ते चार दशकांहून अधिक काळ जतन करून ठेवण्यापलीकडे काही करता आले नाही. पुढे त्यांतल्या एका तुकड्याचा इस्रायलमध्ये सूक्ष्म सीटी स्कॅन करण्यात आला. रुग्णालयातल्या सीटीचेच तत्त्व येथे आहे: वस्तू क्ष-किरणांसमोर थोडीथोडी फिरवत शेकडो छायाप्रतिमा घ्यायच्या आणि त्यांवरून संगणकाने तिच्या अंतर्भागाचा घनाकार आराखडा उभारायचा. त्या आराखड्याचा सर्वांत लहान घन, ज्याला व्हॉक्सेल म्हणतात, या स्कॅनमध्ये १८ मायक्रोमीटरचा होता. ही माहिती इस्रायलच्या पुरातत्त्व प्राधिकरणातील पनिना शोर यांच्याकडून अमेरिकेत केंटकी विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ ब्रेंट सील्स यांच्याकडे गेली. प्रत्यक्ष गुंडाळी जागची हललीही नाही.

सील्स यांच्या चमूने केलेल्या कामाचे टप्पे आज सर्वत्र वापरले जातात. प्रथम घनाकार आराखड्यातून चर्मपत्राचा एकेक वेटोळा पृष्ठभाग ओळखून वेगळा काढायचा. मग त्या पृष्ठभागाच्या प्रत्येक बिंदूवर, त्याच्या किंचित वर आणि किंचित खाली, घनता किती आहे ते पाहून तो आकडा उजळ-काळ्या छटेच्या रूपाने त्या बिंदूला द्यायचा. शाई तिथे असेल तर ती या छटेत दिसते. त्यानंतर वळलेला, सुरकुतलेला पृष्ठभाग गणिताने सपाट करायचा, आणि शेवटी असे सुटे तुकडे जोडून एकसंध पान तयार करायचे. कागदावर चार वाक्यांत मावणाऱ्या या क्रियेतला पहिला टप्पा बाकीच्या तिन्हींपेक्षा कितीतरी अवघड असतो. जळालेल्या गुंडाळीत थर फुगतात, फाटतात, एकमेकांत वितळून जातात. एका ठिकाणी संगणकाने चुकून शेजारच्या थरावर उडी मारली, की पुढचा सगळा मजकूर दोन स्तंभांची खिचडी होतो. स्वयंचलित पद्धती सुधारल्या आहेत, तरीही कोणीतरी माणूस पडद्यासमोर बसून एकेक आडवा छेद तपासत थराचा माग काढतो तेव्हाच काम पुढे सरकते.

एन-गेदीच्या बाबतीत दैवाने साथ दिली. शाई चर्मपत्राहून घन होती, स्कॅनमध्ये ती उजळ उमटली. तिच्यात लोह किंवा शिसे यांसारखा धातू असावा असा अभ्यासकांचा अंदाज आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधानुसार पाच पूर्ण वेटोळी उलगडून हिब्रू बायबलमधील ‘लेवीय’ ग्रंथाच्या पहिल्या दोन अध्यायांचा मजकूर मिळाला: दोन स्तंभांत ३५ ओळी, त्यांपैकी १८ प्रत्यक्ष टिकलेल्या आणि १७ पुनर्रचित. अक्षरे आणि परिच्छेदांची मांडणी पुढच्या काळातील मसोरा पाठाशी, म्हणजे हिब्रू बायबलच्या प्रमाण पाठाशी, जुळली. काळाबद्दल मात्र मतभेद राहिला. कार्बन-१४ चाचणी इसवी सनाचे तिसरे-चौथे शतक दाखवते, तर अक्षरवळणावरून लिपितज्ज्ञ आदा यार्देनी यांनी तो पहिल्या शतकाच्या उत्तरार्धाकडे किंवा दुसऱ्याच्या आरंभाकडे नेला. हा वाद उभाच राहू शकला तो अक्षरे दिसल्यामुळे; त्यापूर्वी वाद घालायलाही काही हाती नव्हते.

शाईने साथ दिली नाही तर काय होते, याचे उत्तर एका धार्मिक नसलेल्या संग्रहात मिळते, पण त्याचा धडा धार्मिक गुंडाळ्यांना तंतोतंत लागू पडतो. इटलीतील व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात इसवी सन ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियमच्या पपायरस गुंडाळ्या कोळसा झालेल्या आहेत, आणि त्यांवरची शाई बहुतांशी काजळीची, म्हणजे कोळशावर कोळसा. क्ष-किरणांना दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात. २०२३ मध्ये सुरू झालेल्या व्हेसुव्हियस चॅलेंज या खुल्या स्पर्धेसाठी ऑक्सफर्डजवळच्या डायमंड सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे अतिशय तीव्र क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रावर, घेतलेले, सुमारे ८ मायक्रोमीटर व्हॉक्सेलचे स्कॅन सर्वांना उपलब्ध करून देण्यात आले. केसी हँडमर यांनी तासन्‌तास प्रतिमा न्याहाळून शाईच्या जागी वाळलेल्या चिखलासारखा तड्यांचा सूक्ष्म पोत असल्याचे हेरले. त्या खुणेवर संगणकाला शिकवून ल्यूक फॅरिटर यांनी जांभळ्या रंगाचा निर्देश करणारा ग्रीक शब्द वाचला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ते, युसेफ नादेर आणि युलियन शिलिगर या तिघांना ७ लाख डॉलरचे मुख्य पारितोषिक मिळाले. घनतेचा फरक नव्हता, पण आकाराचा होता. स्कॅन पुरेसा सूक्ष्म नसता तर तोही हाती लागला नसता. म्हणून काजळीच्या शाईची शंका असेल तिथे व्हॉक्सेल जितका लहान घेता येईल तितका घ्यावा, मग माहितीचा डोंगर कितीही मोठा होवो.

येथे कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीची माझी भीती स्पष्ट सांगतो. ज्या प्रणालीला त्या लिपीतील अक्षरे कशी दिसतात हे आधीच शिकवलेले असते, ती डागातूनही सुबक अक्षर घडवून देऊ शकते, आणि तिचे ते काम इतके देखणे असते की अनुभवी माणूसही भुलतो. वरील स्पर्धेत याची काळजी घेतली गेली: प्रणाल्या एका वेळी अक्षरापेक्षा लहान चौकटीत पाहून ‘येथे शाई आहे की नाही’ एवढेच सांगत होत्या, ग्रीक भाषा त्यांना माहीत नव्हती, आणि अक्षर ठरवण्याचे काम पपायरसतज्ज्ञांकडे होते. धर्मग्रंथांच्या बाबतीत हा धोका दुपटीने वाढतो, कारण मजकूर बहुधा आधीच जगप्रसिद्ध असतो. एन-गेदीच्या गुंडाळीत थर वेगळे करणारे लोक हिब्रूचे अभ्यासक नव्हते, ही त्या प्रकल्पाची अनायासे मिळालेली मोठी ताकद होती. ज्याला ‘लेवीय’ तोंडपाठ आहे त्याला अर्ध्या रेषेवरून पुढचा शब्द दिसतो. तो खोटे बोलत नसतो, त्याची स्मृती त्याच्या डोळ्यांच्या पुढे धावत असते. म्हणून मी दोन वाचकांना एकमेकांशी न बोलता वाचायला सांगतो, शक्य असेल तर एकाला ग्रंथाचे नाव न सांगता. संपादकांची जुनी पद्धत अशा वेळी फार उपयोगी पडते: नक्की दिसलेले अक्षर साधे, संशयाचे अक्षर खाली टिंब देऊन, आणि अंदाजाने भरलेले चौकोनी कंसात. वृत्तपत्रांत छापल्या जाणाऱ्या अनुवादात हे कंस गळून पडतात, आणि एन-गेदीच्या १७ पुनर्रचित ओळी वाचकांच्या मनात ‘सापडलेल्या’ होऊन बसतात.

याउलट अपरिचित मजकूर निघतो, तेव्हा वाचकाला स्मृतीचा आधार नसतो आणि परीक्षा अधिक कठोर होते. फ्रँकफुर्टच्या परिसरातील नीडा या रोमन वसाहतीच्या दफनभूमीत २०१८ मध्ये एका माणसाच्या हनुवटीखाली साडेतीन सेंटिमीटरचा चांदीचा ताईत मिळाला. ते दफन तिसऱ्या शतकातले आहे. त्यातला पातळ, ठिसूळ, चुरगळलेला पत्रा उलगडण्याचा प्रश्नच नव्हता. माइन्झ येथील संशोधन केंद्रात त्याचा सीटी स्कॅन झाला, पत्र्याचे तुकडे संगणकावर एकेक करून शेजारी मांडले गेले आणि २०२४ च्या अखेरीस १८ ओळींचा, येशू ख्रिस्ताचे नाव घेणारा लॅटिन मजकूर जाहीर झाला. येथे शाई नाहीच. अक्षरे पत्र्यात कोरलेली असल्याने स्कॅनमध्ये ती खाचांच्या रूपाने दिसतात. धातूच्या बारीक ताइतांना म्हणूनच मी सीटीसाठी अनुकूल मानतो.

बर्लिनमधील हेल्महोल्ट्झ केंद्रात मंगोलियातील एका छोट्या बौद्ध देव्हाऱ्यातल्या गुंडाळ्यांवर झालेले आणि २०२५ मध्ये पुढे आलेले काम मला विशेष महत्त्वाचे वाटते. रेशमी वस्त्रात बांधलेल्या त्या इवल्या गुंडाळ्यांचा सूक्ष्म सीटी स्कॅन करून आतली ‘ॐ मणिपद्मे हूँ’ ही तिबेटी अक्षरांतली ओळ वाचण्यात आली. त्या प्रदेशात काजळी आणि सरस यांची शाई अपेक्षित असताना येथे धातूचे कण आढळले. ते नसते तर पट्टी बहुधा कोरीच दिसली असती. अशा गुंडाळ्या प्रतिष्ठापनेच्या वेळी आत ठेवल्या जातात आणि त्या उघडून वाचल्या जाव्यात अशी त्यांची योजनाच नसते. वस्तूला हात न लावता वाचणे आणि वाचण्याचा अधिकार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या परंपरेची ती वस्तू आहे तिच्या जाणत्यांशी स्कॅनपूर्वीच बोलणे झालेले बरे.

हे सगळे वाचून प्रत्येक गुंडाळी संगणकाकडेच सोपवावी असे कोणाला वाटेल, तर ते मला मान्य नाही. गांधारच्या भूर्जपत्रावरील बौद्ध गुंडाळ्या हे उलट बाजूचे उदाहरण आहे. खरोष्ठी लिपीत गांधारी भाषेत लिहिलेल्या, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासच्या अशा २९ अवशेषांचा संच १९९४ मध्ये ब्रिटिश लायब्ररीकडे आला, तो मातीच्या भांड्यांतून. जतनतज्ज्ञांनी त्यांना हळूहळू ओल देऊन उलगडले आणि काचांमध्ये बसवले. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००३ मध्ये घेतलेली अशीच एक गुंडाळी उघडण्यापूर्वी तेथील जतनतज्ज्ञाने सुकलेल्या सिगारवर सराव केला होता. भूर्जपत्र कोरडे असताना तडकते, पण योग्य आर्द्रतेत त्याला पुन्हा थोडी लवचिकता येते. शिवाय त्यावरची शाई काजळीची, म्हणजे क्ष-किरणांना प्रतिकूल. अशा वेळी सरावलेला हात हेच सर्वोत्तम यंत्र असते. उघडण्यापूर्वी एक स्कॅन घेऊन ठेवावा इतकाच माझा आग्रह असतो, कारण उलगडताना निसटलेले कण मुळात कुठे होते हे नंतर त्यावरूनच कळते.

याच साधनांनी बनावट वस्तूही उघड्या पडतात. वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयाने मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे म्हणून जमवलेले सर्वच्या सर्व १६ तुकडे आधुनिक बनावट असल्याचा निष्कर्ष २०२० मध्ये जाहीर झाला. कातडे खरोखर जुने होते, परंतु सूक्ष्मदर्शकाखाली शाई जुन्या भेगांमध्ये ओघळलेली आणि झिजलेल्या कडांवरून वाहिलेली दिसत होती. म्हणजे कातडे म्हातारे झाल्यानंतर लेखन झाले. वाचनाचा प्रश्न सुटण्याआधी हा प्रश्न सोडवावा. अस्सलपणा ठरण्याआधी उत्कृष्ट प्रतिमा प्रसिद्ध केल्या, तर त्या प्रतिमाच वस्तूच्या अस्सलपणाची साक्ष म्हणून फिरू लागतात.

एखाद्या संस्थेकडे अशी गुंडाळी असेल, तर कामाचा क्रम मी असा सुचवतो. प्रथम भिंगाखाली संपूर्ण बाह्य पृष्ठभाग पाहावा आणि आधीच सुटून पडलेले बारीक कण फेकू नयेत. शाईची ओळख पटवण्यासाठी तेच उपयोगी पडतात, आणि त्यांच्यावर क्ष-किरण प्रतिदीप्तीने, म्हणजे क्ष-किरण पडल्यावर मूलद्रव्यांतून परत येणाऱ्या किरणांवरून, लोह, तांबे, शिसे किंवा पारा आहे का हे मूळ वस्तूला धक्का न लावता कळते. डीएनए चाचणीचा विचार असेल तर तिचे नमुने सीटीपूर्वीच वेगळे करावेत, कारण क्ष-किरणांच्या मोठ्या मात्रेने डीएनएची हानी होऊ शकते. हा विचार काल्पनिक नाही: मृत समुद्राच्या तुकड्यांच्या २०२० मधील डीएनए अभ्यासात बहुतेक कातडी मेंढीची, पण ‘यिर्मया’ ग्रंथाचे काही तुकडे गाईच्या कातड्याचे निघाले, आणि एकाच प्रतीचे समजले गेलेले तुकडे वेगवेगळ्या प्रतींचे असल्याचे त्यावरून समजले. त्यानंतर एका छोट्या, सुट्या तुकड्याचा प्रायोगिक स्कॅन घ्यावा. त्यात शाईचा मागमूस लागत नसेल, तर संपूर्ण गुंडाळीवर लगेच खर्च करू नये, सिंक्रोट्रॉनवर अधिक सूक्ष्म स्कॅनची वेळ मिळेपर्यंत थांबावे. वस्तू प्रयोगशाळेत नेण्याचा प्रवास हाच पुष्कळदा सर्वांत मोठा धोका असतो, म्हणून तिच्या नेमक्या आकाराची आधारपेटी आधी बनवावी.

शेवटी माहितीच्या साठवणुकीचे. प्रकल्प संपल्यावर संस्था सपाट केलेली सुंदर प्रतिमा जपतात आणि मूळ क्ष-किरण छायाप्रतिमा जागा अडते म्हणून पुसतात. व्हायला हवे ते याच्या उलट. सपाट प्रतिमा त्या-त्या वर्षीच्या पद्धतीचे फलित असते आणि मूळ माहिती असेल तर ती पुन्हा काढता येते, पण मूळ माहिती गेली तर गुंडाळी पुन्हा किरणांसमोर न्यावी लागते. स्कॅनचे सर्व तपशील, म्हणजे क्ष-किरण नळीचा विद्युतदाब, फिल्टर, व्हॉक्सेलचा आकार, एकूण छायाप्रतिमांची संख्या आणि वस्तू ठेवण्याची दिशा, त्याच फायलींसोबत लिहून ठेवावेत, किमान दोन वेगळ्या ठिकाणी प्रती असाव्यात, आणि करारातच असे नमूद करावे की कच्ची माहिती गुंडाळीच्या मालक संस्थेची राहील व ती इतर अभ्यासकांना पुन्हा तपासता येईल.